बिनशिंगाची दावण

शिवबाई दोन शेळ्या एका कासऱ्याला बांधून बांधावरून येताना दिसली आणि विजयमालाने हातातली बादली खाली ठेवली. मोहोळच्या बाजूला मार्च संपत आला की दहानंतर कुणी विनाकारण रानात फिरत नाही, आणि ही बाई तीन मैल चालत आली होती. शेळ्या अंगाने भरलेल्या होत्या. काळ्याभोर, कानांवर पांढरे ठिपके, डोकी गुळगुळीत. आपल्या दावणीची जनावरं विजयमालाने लांबूनच ओळखली.

“ये की शिवबाई. बस सावलीला, पानी देते.”

“पानी मागनं दे. आदी ह्या दोगींना बग.” शिवबाईने कासरा बाभळीला गुंडाळला. “दोन वरसं झाली. एकदाबी गाभ धरला न्हाय. बोकड जवळ नेला तर ह्याच त्याच्यावर चढत्यात. सारं गाव हसतंय मला.”

“अंगावर चरबी आली असंल. लई खाल्लं की शेळी फळत न्हाय.”

“लई खाल्लं? माज्या दारात?” शिवबाई एकटी बाई होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि शेत म्हणजे माळाचा एक तुकडा. “मी माज्या जेवनाच्या येळंला ह्यांच्याम्होरं पाला टाकलाय गं. आन् ह्या बग कशा झाल्यात. पैलवान! तू लेकीची आन घिऊन दिल्या हुत्यास मला ह्या पाठी. म्हनलीस, दीड वरसात जुळी देतील.”

विजयमाला वाकली. तिने एकीची शेपटी वर केली. शेपटीखाली, जिथे काहीच दिसायला नको, तिथे वाटाण्याएवढी गाठ होती. दुसरीलाही तशीच. विजयमालाने शेपटी सोडली आणि हात लुगड्याला पुसले. अशी गाठ ती पहिल्यांदा बघत नव्हती. तिच्या गोठ्यात गेल्या पंधरा दिवसांत जन्मलेल्या तीन करडांना ती होती. ओसरेल, असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

“म्हयनाभर ठेव हितं,” ती म्हणाली. “माजा बोकड लावून बगते.”

शिवबाई पाणी प्यायली. निघताना तिने दोन्ही शेळ्यांच्या कानामागे खाजवलं. “जावा, म्हायेरी ऱ्हावा,” ती त्यांना म्हणाली, आणि विजयमालाकडे वळून, “पोटभर घाल, पर लाड करू नगंस. आदीच डोक्यावर बसल्यात.”

ती बांधाआड जाईपर्यंत विजयमाला उभी राहिली. आपण खोटं बोललो हे तिला नीट कळत होतं.

विजयमालाच्या घरी तीन एकर कोरडवाहू जमीन होती आणि अकरा उस्मानाबादी शेळ्या. ही जात या मातीला मानवलेली. हिरवं संपलं की बाभळीच्या शेंगांवर राहते, उन्हात पाच मैल चालते आणि तरीही जुळी देते. मटणासाठी बोकड न्यायला मोहोळचे, कधी थेट सोलापूरचे व्यापारी दारात येत. या जातीत शिंगाच्या शेळ्या असतात, तशा बिनशिंगाच्याही असतात. त्यांना भुंडी म्हणतात. विजयमालाच्या दावणीला सगळ्या भुंड्या होत्या. त्या आपोआप तशा झाल्या नव्हत्या.

तिची मुलगी ऋतुजा चार वर्षांची असताना एका शेळीने मान झटकली होती. शिंग डाव्या डोळ्यात गेलं. सोलापूरच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून मायलेकी परत आल्या, तेव्हा पोरीच्या डोळ्यावर पट्टी होती आणि पट्टीखाली डोळा नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात ती शेळी विकली गेली. मग शिंगाच्या बाकीच्या दोन गेल्या. त्यानंतर ज्या करडाच्या डोक्यावर शिंगाची टेंगळं हाताला लागली, ते आधी विकलं गेलं, मग ते कितीही देखणं असो. बोकडही भुंडाच. तीन वर्षांपूर्वी घरच्याच एका भुंड्या करडाला तिने बोकड म्हणून राखलं आणि त्याच्यापासून झालेल्या एकाही पिल्लाला शिंग आलं नाही. बायका म्हणत, विजयमालाच्या गोठ्यात डोळे मिटून फिरावं. या शब्दांचा तिला अभिमान होता. शिवबाईला दिलेल्या पाठी, ती दोन मादी करडं, याच बोकडाच्या, पहिल्या वेताच्या.

पाच दिवसांनी वस्तीवर लसीकरण होतं. डॉक्टर सिद्धेश्वरी अक्कलकोटकडच्या, तालुक्याला नव्याने आलेल्या. बोलायच्या कमी. प्रत्येक शेळीला सुई टोचण्याआधी तिच्या पापणीच्या आतला रंग बघायच्या. बारावीची परीक्षा आटोपून घरी बसलेली ऋतुजा शेडच्या दारात उभी राहून, आईने सोडलेली एकेक शेळी त्यांच्यापुढे धरत होती. शिवबाईच्या शेळीपाशी डॉक्टर थांबल्या. शेपटी वर केली. ती शेळी नेमकी त्याच वेळी मुतली आणि धार मागे खाली न पडता वर उडाली.

“अशी आणखी आहेत?”

विजयमाला पुढची शेळी आणायला वळली. “तीन करडं आहेत,” ऋतुजा म्हणाली.

डॉक्टरांनी हातमोजा चढवून शिवबाईच्या दोन्ही शेळ्या तपासल्या. मग दावणीवर नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. “शिंगाचं एकही जनावर नाही तुमच्याकडे?”

“एक बी न्हाय मॅडम. हा बोकड घरचाच. तीन वरसांत ह्याच्या एका पिल्लाला शिंग आलेलं न्हाय.”

“एकालाही नाही?” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, आणि हातमोजा काढता काढता त्या शेडच्या कडेच्या दगडावर बसल्या. “ताई, या दोघींना कधीच पिल्लं होणार नाहीत. बाहेरून शेळी दिसते, पण आतली गर्भाची पिशवी पुरती झालेलीच नाही. मादी नाही आणि नरही नाही. याला औषध नाही.”

“कुनी काय केलं म्हनायचं हे?” विजयमालाचा आवाज खाली गेला. “वस्तीवरच्या बाया म्हनत्यात, देवीचं काय ऱ्हायलंय.”

“कुणी काही केलं नाही. शिंग नसण्याचा गुण पिल्लाला आईबापाकडून येतो. एकाकडून आला तर शिंग तेवढं येत नाही, बाकी जनावर उत्तम. दोघांकडून आला आणि पिल्लू मादी असलं, तर तिची घडण अशी अर्ध्यात राहते. भुंड्या शेळीला शिंगाचा बोकड चालतो. शिंगाच्या शेळीला भुंडा बोकड चालतो. भुंड्याला भुंडी लावायची नाही, इतकंच.”

ऋतुजाने लेंड्या बाजूला सारून मातीत काडीने, जीवशास्त्राच्या पुस्तकातल्यासारखा, एक चौकोन काढला होता. त्याचे चार भाग करून ती काहीतरी लिहीत होती. “म्हणजे आपल्या बोकडाला हा गुण दोघांकडून आलाय,” ती म्हणाली. “म्हणून त्याचं एकही पिल्लू शिंगाचं नाही.”

“बरोबर.”

“आणि दोन वर्षं पाठी कमी, बोकडंच जास्त होतायत. आई खूश होती.”

“त्यातले काही बोकड नव्हतेच, अशाच अर्ध्यात राहिलेल्या माद्या होत्या,” डॉक्टर म्हणाल्या. “मटणाला गेले, म्हणून कळलं नाही.” त्यांनी बर्फाच्या पेटीचं झाकण लावलं. “या शेळ्यांत दोष नाही. एकदा व्यालेली भुंडी शेळी चांगलीच समजा. हा बोकड काढा आणि दुसऱ्या गावचा शिंगाचा आणा. आता ज्या गाभण आहेत त्यांना पुन्हा असं एखादं होईल. पाठ म्हणून कुणाला देऊ नका.”

डॉक्टरांची फटफटी धुरळ्यात दिसेनाशी झाली. त्यांच्या दृष्टीने गोष्ट सोपी होती. विजयमाला मातीतल्या त्या चौकोनाकडे बघत राहिली. तेरा वर्षं तिने एकेक करडाच्या डोक्यावरून हात फिरवून निवड केली होती. नेमकी तीच निवड आत कुठेतरी साचत गेली होती, आणि ती शिवबाईच्या दारात निघाली होती.

दुपारी तिने नवऱ्याला फोन लावला. बिरुदेव कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये ठेकेदाराकडे होता, रविवारी घरी यायचा. मागे लोखंड घासल्याचा आवाज येत होता. तिने सगळं सांगितलं.

“मग आन की बोकड,” तो म्हणाला.

“शिंगाचा.”

पलीकडचा आवाज थांबला. तो बाजूला गेला असावा. “विजे, शिंगाची जनावरं तू काडलीस तवा मी एक शबुद बोललो न्हाय. आता आनायची म्हनलीस तरी न्हाय बोलनार.”

“तवा बोलला असता तर बरं झालं असतं.”

“काय बोलायला पायजे हुतं?”

शेवरीच्या चाऱ्याला पाणी घालायचंय म्हणून तिने फोन ठेवला.

ऊन कलल्यावर मायलेकी सुबाभळीच्या फांद्या दावणीला टांगत होत्या. शेळ्या मान वर करून ओरबाडत होत्या. ऋतुजा नेहमीसारखी कुंपणाच्या बाहेरून फांद्या देत होती. आत यायचं नाही हा नियम लहानपणापासूनचा. शिंगाची जनावरं गेल्यावरही तो कुणी मोडला नव्हता. आज सकाळी डॉक्टरांपुढे शेळ्या धरतानाही विजयमालाने तिला दारातच उभं केलं होतं.

“बोकड कधी आणायचा?”

“बगू.”

“बगू म्हणजे? आणि शिवबाईमावशीला काय सांगितलंस?”

“म्हयनाभर ठेव म्हनलंय.”

“तुला माहीत होतं, आई. आपली करडं तू बघितली होतीस. मी पण बघितली. मावशीपुढं तू शेपटी खाली सोडलीस ते मी स्वयंपाकघरातनं पाहिलं. माझी आण घेऊन दिल्या होत्यास तू त्यांना त्या पाठी.”

विजयमालाने फांदीची गाठ आवळली, ती सैल होती असं नाही. “शिंगाचा बोकड दारात आला आन् परत काय झालं तर?”

“काय होईल?”

“तुला म्हाईत हाय काय हुईल.”

“मला ती शेळी आठवतच नाही,” ऋतुजा म्हणाली. “मला दवाखान्यातला पंखा आठवतो. एक पातं वाकडं होतं त्याचं. आणि तू आठवतेस, खिडकीकडं तोंड करून बसलेली. कॉलेजात कुणी विचारलं तर मी सांगते, चार वर्षांची होते, शेळीचं शिंग लागलं. ते अरे बापरे म्हणतात आणि पुढच्या तासाला जातात. आपल्या घरात तो विषय निघत नाही आणि संपतही नाही.”

शेळ्यांच्या चावण्याचा आवाज येत राहिला. विजयमाला गव्हाणीच्या कडेवर बसली. बोलताना तिने लेकीकडे पाहिलं नाही.

“तू आपल्या पायानं आत गेली न्हवतीस. समद्यांना मी तसं सांगितलं. शेळी आदल्या दिवशी व्याली हुती. पिल्लाजवळ कुनाला येऊ देत न्हवती, मलाबी दोनदा धडक दिली हुती तिनं. माजं पानी भरायचं चाललं हुतं. मीच तुज्या हातात पाला दिला आन् म्हनलं, जा, टाकून ये.”

ऋतुजाचा चांगला डोळा आईवर होता. दुसरा, बसवलेला, किंचित बाजूला पाहत होता.

“मग शेळीला कशापायी इकलंस?” तिने शेवटी विचारलं. घरातही शाळेतली मराठी बोलणारी पोर ते आईच्याच बोलीत बोलली.

ऋतुजाने उरलेल्या फांद्या कुंपणावरून आत टाकल्या, आणि घरात न जाता तिथेच पलीकडे बसून राहिली. रागावली होती की नाही ते कळत नव्हतं. दोघींच्या मध्ये तारेची जाळी होती. चारा संपेपर्यंत दोघी तशाच बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयमालाने काजळी सोडली. काजळी दावणीतली सगळ्यात चांगली शेळी. तीन वेतं, तिन्ही वेळा जुळी, आणि दूध असं की दुसऱ्या शेळीचं पोरकं करडूही पोसायची. दोन महिन्यांपूर्वी व्यालेली, अजून बोकडाला लावलेली नव्हती. तिला घेऊन विजयमाला तीन मैल चालली. शिवबाई अंगणात तूर झोडपत होती. हातातलं दांडकं तसंच धरून ती उठली.

“फळल्या व्हय?”

“न्हाय. फळनार बी न्हाय.” विजयमालाने उभ्या उभ्याच सांगितलं. भुंड्याला भुंडी लावल्याचं, गाठीचं, डॉक्टरांचं. शेवटी म्हणाली, “तू आलीस त्या दिवशीच मला कळलं हुतं. माज्या तीन करडांना तसंच हाय. तरी तुला म्हयनाभर ठेव म्हनलं.”

“का?”

“तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाय म्हनून.”

शिवबाईने दांडकं भिंतीला टेकवलं. तिने आरडाओरडा केला नाही, आणि विजयमालाने तीन मैलभर मनाची तयारी केली होती ती त्यासाठीच. “दोन वरसं,” शिवबाई म्हणाली. “मी त्यांच्याशी बोलत हुते गं. म्हनत हुते, बायांनो, तुमचंबी नशीब माज्यावानीच निगालं काय.” शिवबाईला मूल नव्हतं. हे तिने पूर्वी कधी विजयमालापुढे काढलं नव्हतं.

“ही काजळी हाय. तुला आनलीया.”

शिवबाई काजळीजवळ आली. सावकाश, विजयमालादेखत, तिने शेळीचे दात बघितले. कास दाबून दुधाची धार हातावर घेतली. मग शेपटी वर करून नीट वाकून पाहिलं, बाजारात अनोळखी माणसाचं जनावर बघतात तसं. विजयमाला कासरा धरून उभी होती. तिचे कान तापले होते, पण तिने तोंड फिरवलं नाही.

“हिला कुठला बोकड लावू?”

“शिंगाचा. तुज्या गावात असंल त्यो. भुंडा नगं.”

“आन् त्या दोगी?”

“खाटकाकडं जातील. दुसरं काय करनार त्यांचं? जे येईल ते तुला आनून देते.”

“ते तू कर,” शिवबाई म्हणाली. “मला त्यांच्या म्होरं उभं करू नगंस. आन् कंदी गेल्या तेबी सांगू नगंस.” तिने काजळीला खुंट्याला बांधलं, तिच्यापुढे तुरीचा भुसा टाकला आणि पुन्हा दांडकं उचललं. बस, चहा घे, असं काही म्हणाली नाही. विजयमाला अंगणाच्या कडेपर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, “सकाळी किती वाजता पिळतीस हिला?”

“सहाला. उशीर झाला तर वरडती.”

“वरडू दे.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी बिरुदेवने रजा काढली नाही आणि विजयमालानेही त्याला बोलावलं नाही. ऋतुजा मात्र सकाळीच चप्पल घालून तयार होती. मोहोळच्या बाजारात उन्हं चढायच्या आत जनावरांचे सौदे होतात. भुंडा बोकड विजयमालाने तिथेच, मटणासाठीच नेतो हे तिला माहीत होतं अशा एका व्यापाऱ्याला दिला, आणि बजावलं की हा पाळायला कुणाला द्यायचा नाही. व्यापारी हसला. “मावशी, पाळायला न्यायला मी काय साधू हाय का?”

मग दोघी शिंगाचे बोकड बघत फिरल्या. विजयमाला प्रत्येकापुढे थांबायची, छातीची रुंदी बघायची, पाय बघायची, आणि नजर शिंगांवर गेली की पुढे चालू लागायची. चौथ्यांदा असं झाल्यावर ऋतुजा एका बोकडापाशी थांबली. वैरागच्या बाजूच्या एका म्हाताऱ्याने आणलेला, दोन वर्षांचा, मागे वळलेली शिंगं वीतभर. खुरं सरळ, पाठ सपाट. म्हातारा म्हणाला, ह्याची आय शिंगाची, बाप शिंगाचा.

ऋतुजा पुढे झाली आणि विजयमाला आपसूक तिच्या आणि बोकडाच्या मध्ये आली. ती नेहमीच अशी यायची. बाजारात, एस.टी.च्या दारात, गल्लीत सायकल आली तरी.

“आई, तू मधे उभी राहिलीस की मला काहीच दिसत नाही.”

विजयमाला बाजूला झाली. दोन पावलं. तिसरं टाकायला तिला थोडा वेळ लागला. बोकडाने मान वळवून पोरीकडे पाहिलं, नाक फुरफुरवलं. ऋतुजाने आधी हात त्याच्या नाकापुढे धरला, मग समोरून, दिसेल असा वर नेत शिंगाच्या बुडाशी धरला. बोकड स्थिर राहिला. म्हातारा बिडी शोधत होता. त्याला यात बघण्यासारखं काही नव्हतं.

“गरम आहे,” ऋतुजा म्हणाली. “आई, शिंग गरम असतं.”

“आत रगत खेळतंय की,” म्हातारा म्हणाला.

विजयमालाला ते माहीत होतं. तिच्या माहेरीही शिंगाच्याच शेळ्या होत्या, थंडीत सकाळी ती त्यांच्या शिंगांवर हात शेकायची. मधल्या वर्षांत ती ते पार विसरली होती. तिने त्या दिवशी हात लावला नाही. पैसे मोजून म्हाताऱ्याकडून कासरा घेतला, मनगटाला दोन वेढे दिले, आणि बोकडाच्या वेगाने चालू लागली. ऋतुजा दुसऱ्या बाजूने, शिंगाला धरून.